ओळीतली शेवटची बॅटरी

जयराम पेठ रस्त्यावरच्या जकात नाक्यावर कारकून होता, आणि संशय घेण्याचाच त्याला पगार मिळत होता. गवताच्या भाऱ्याखाली तेलाचे डबे निघतात, आंब्याच्या पेटीत आंब्यांखाली कापड निघतं, आणि जो ड्रायव्हर न विचारता बिडी पुढे करतो त्याची गाडी मागून तपासावी, हे सगळं तो नोकरीत शिकला होता. घरी आला तरी सवय जात नसे. बायकोने, सुमनबाईने, भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची जुडी आणली तरी तो ती सोडून आत बघायचा.

एवढ्या वर्षांत त्याने पुष्कळांवर संशय घेतला, पण त्याच्यावर संशय घ्यायची वेळ कुणावर आली नव्हती. ती आली एका लाल दिव्यामुळे.

नोकरीव्यतिरिक्त जयरामचा एकच नाद होता. नालंदा वसाहतीतल्या गायन पार्टीचा लाउडस्पीकर त्याच्याकडे असे. अॅम्प्लिफायर, दोन कर्णे, माईक आणि हे सगळं चालवणारी एक जाडजूड बॅटरी. भीमजयंतीच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे हातगाडी असायची, गाडीवर हा सेट, आणि मागे सगळी वसाहत. गाडीच्या दांडीला हात लावून चालायचा मान जयरामचा. हा मान त्याने कधी मागितला नव्हता आणि कधी सोडलाही नव्हता.

बॅटरी भरायला तो पंचवटीत गोटीरामच्या दुकानात टाकत असे. दुकान दिंडोरी नाक्याच्या अलीकडे. गोटीराम मळेवाल्यांच्या घरातला, पण भाजीपेक्षा त्याला तारा आवडल्या आणि त्याने हे दुकान थाटलं. दुकानात एक लांब लाकडी फळी होती. तिच्यावर गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या ओळीने मांडायच्या, एकीचं टोक दुसरीला छोट्या तारेने जोडायचं, आणि ओळीची दोन टोकं चार्जरला लावायची. त्या छोट्या तारेला जोडतार म्हणत. प्रत्येक बॅटरीवर खडूने मालकाचं नाव. जोडण्याचं काम बहिरू करी. तो गोटीरामच्या गावचाच, दुकानाइतकाच जुना.

या ओळीवरून दुकानात रोज कुरबुर चाले. प्रत्येकाला आपली बॅटरी चार्जरला लागून, पहिली हवी असे. पहिलीला ताजा करंट मिळतो आणि शेवटचीच्या वाट्याला सगळ्यांचं उरलंसुरलं येतं, असा लोकांचा ठाम समज होता. भजनी मंडळाची बॅटरी नेहमी पहिली. ती विनायकबुवा स्वतः घेऊन येत, आणि बुवांना मागे हो म्हणण्याची गोटीरामची छाती नव्हती. दुसरी अंबूबाईच्या टेंपोची जादा बॅटरी. अंबूबाईचा मखमलाबादला भाजीचा मळा होता आणि तिचा आवाज सगळ्या मार्केटला माहीत होता. मग इतरांच्या. शेवटी जयरामची. जयरामने याबद्दल कधी तक्रार केली नाही. बॅटरी भरून मिळतेय ना, मग झालं.

त्या वर्षी मार्चमध्ये गोटीरामने नवा चार्जर आणला. जुना म्हणजे नुसती गुणगुणणारी काळी पेटी होती. हा राखाडी रंगाचा, चकचकीत, वर काटा, एक हिरवा दिवा, एक लाल दिवा आणि बाजूला घंटी. सातपूरच्या एका लहान कारखान्यातला तरुण तो बसवायला आला होता. त्याने जमलेल्या लोकांना समजावून सांगितलं.

"बॅटरीत करंट किती जातोय, यावर हे मशीन सारखी नजर ठेवतं. ठीक चाललंय तोवर हिरवा. करंट नको तेवढा वाढला किंवा मध्येच पडला, की लाल दिवा आणि घंटी."

"कुणाची बॅटरी खराब, ते पण सांगतं का?" अंबूबाईने विचारलं.

"नाही मावशी. ओळीत कुठेतरी दोष आहे एवढंच सांगतं. फुलं कशी एका दोऱ्यात ओवतात, तशा या बॅटऱ्या. दोरा एकच. पहिल्या फुलातून जातो तोच शेवटच्यातून जातो."

"म्हणजे पहिलीला जास्त नाही?"

"सगळ्यांना सारखा."

अंबूबाईने बुवांकडे पाहिलं, बुवांनी आपल्या बॅटरीकडे पाहिलं. तिथून ती हलवावी असं कुणालाच वाटलं नाही.

आणि दोन-चार दिवसांनी, जयराम बॅटरी घ्यायला गेला तेव्हा, घंटी वाजत होती. घणघण आवाज, लाल दिवा पेटलेला आणि दुकानातली माणसं फळीच्या शेवटाकडे बघत उभी. फळीच्या शेवटी त्याचंच नाव होतं.

"जयरामभाऊ," गोटीराम नजर चुकवत म्हणाला, "तुमची बॅटरी जरा बघून घ्या. मशीन बोलतंय."

"मशीन माझं नाव घेतंय का?"

"नाव नाही घेत. पण बाकीच्या तर चांगल्याच आहेत."

"कशावरून?"

गोटीरामने कापडाने उगाच चार्जर पुसला. बहिरूने जयरामची बॅटरी काढली, उरलेल्या दोन टोकांना चार्जर लावला आणि लाल दिवा जाऊन हिरवा लागला. घंटी थांबली. अंबूबाई म्हणाली, "आता काय बोलणार भाऊ? तुझ्या एकट्यापायी आमच्या सगळ्यांचं अडलंय."

जयराम बॅटरी सायकलला बांधून निघाला. रस्ताभर त्याच्या डोक्यात नाक्यावरचे विचार चालू होते. ही बॅटरी गेल्या दिवाळीतच नवी घेतलेली. मग ती बिघडली कशी? की ती बॅटरी त्याची नव्हतीच? गोटीरामने आतलं चांगलं काढून जुनं भरलं असेल तर? नवं यंत्र आणलंय, खर्च झालाय, नव्या बॅटऱ्या खपवायच्या असतील. दिवा लाल झाला की घाबरून माणूस नवी घेणार. आणि ते घाबरवायला ओळीतला शेवटचा माणूस सोपा.

"मग बॅटरीवर खूण करा," त्याचं सगळं ऐकून सुमनबाई भाकरी थापता थापता म्हणाली. ती चेष्टेनं बोलली होती. "तुम्ही नाही का दुधाच्या पातेल्यावर करता? मांजर पितं की मी पिते ते कळावं म्हणून."

जयरामने खरंच खिळ्याने बॅटरीच्या तळाला बारीक खूण केली. झाकणं जिथे बसवली होती त्या डांबरावरही एक ओरखडा ओढला, म्हणजे कुणी उघडली तर कळावं. पुढच्या वेळी बॅटरी टाकली तेव्हा तो मुद्दाम काही बोलला नाही. संध्याकाळी गेला तर पुन्हा लाल. घरी आणून पाहिलं तर खूण जागेवर, ओरखडाही अखंड. कुणी हात लावला नव्हता. जयरामला आनंद व्हायला हवा होता, पण तो जास्तच अस्वस्थ झाला. चोर सापडला असता तर बरं झालं असतं.

दरम्यान ही गोष्ट वसाहतीत पोचली होती. जयंती कमिटीचा अध्यक्ष सहादू रविवारी घरी आला. सहादू आणि जयराम एकाच शाळेत शिकलेले, त्यामुळे बोलण्यात आडपडदा नव्हता.

"जय भीम. ऐकलं ते खरं का रे? तुझी बॅटरी गेली म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"गोटीराम म्हणतो. पंचवटीत सगळेच म्हणतात. बघ, मला तुझ्यावर भरवसा आहे. पण मिरवणूक भर रस्त्यात मुकी झाली तर लोक तुला नाही, मला धरतील. नाशिकरोडचा डेकोरेटर जनरेटरसकट यायला तयार आहे. कमिटीतली पोरं म्हणतात, या वर्षी त्यालाच सांगू."

"आणि माझा सेट?"

"तुझा सेट राहील घरी. एखाद वर्ष." सहादूने सुमनबाईकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही समजवा याला."

"मी बॅटरीला समजावते," सुमनबाई म्हणाली. "तिचं ऐकलं तर ऐकलं."

सहादू हसला, पण जयराम हसला नाही. "मला गुरुवारपर्यंत वेळ दे," तो म्हणाला. "बॅटरी खराब असेल तर मीच डेकोरेटरला निरोप देतो. नसेल तर गाडी माझी."

सहादूने मान हलवली. त्याला तेवढं देणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी जयराम बॅटरी घेऊन थेट नाशिकरोडला गेला. तिथे एका म्हाताऱ्याकडे जुन्या पद्धतीची काळी पेटी होती, दिवे नाहीत की घंटी नाही. म्हाताऱ्याने बॅटरी एकटीच लावली, भरली, आतल्या पाण्यात काचेची नळी बुडवून पाहिली आणि म्हणाला, "तरणीताठी आहे. काय झालंय हिला?" घरी आणून जयरामने सेट लावला. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत कर्ण्यातून गाणी चालू होती. शेवटी शेजारची लंकाबाई येऊन म्हणाली, "भाऊ, जयंती अजून यायची हाय. आजच सगळं वाजवून टाकता का?"

म्हणजे बॅटरी चांगली. आणि गोटीरामच्या ओळीत घातली की दिवा लाल. दोन्ही खरं कसं असेल?

जयराम नोकरीला नवा लागला होता तेव्हा त्याच्यावर एक मोठे साहेब होते. एकदा एका गाडीचा माल बरोबर, कागद बरोबर, तरी वजनाचा काटा जुळेना. जयराम ड्रायव्हरला दम देत होता. साहेबांनी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "गाडीत शोधलंस. आता काट्याखाली बघ." काट्याच्या फळीखाली एक दगड अडकला होता. ही गोष्ट जयरामला नेमकी आठवली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, बॅटरी बांधून सायकल चालवताना, आणि त्याने सायकल सहादूच्या घराकडे वळवली.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "काय होईल ते तुझ्या डोळ्यांनी बघ. मग मला कुणी काही सांगायला नको."

दोघे दुकानात पोचले तेव्हा सकाळची गर्दी होती. विनायकबुवा बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. अंबूबाई टेंपो बाहेर उभा करून गोटीरामशी हुज्जत घालत होती. जयरामची बॅटरी बघताच ती म्हणाली, "आली का पुन्हा? आज आमची काढून घेऊ का आधीच?"

"थांबा मावशी," जयराम म्हणाला. "गोटीरामशेठ, आज माझी बॅटरी पहिली लावा."

गोटीरामने बुवांकडे पाहिलं. बुवांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "लाव की," ते म्हणाले. "माझी काय पळून जाते?"

बहिरूने बॅटऱ्या सरकवल्या आणि जोडल्या. हिरवा दिवा लागला. जयराम काट्यापुढे उभा राहिला. थोडा वेळ गेला. काटा हळूहळू खाली यायला लागला, थरथरला, आणि घंटी वाजली. लाल.

"बघा," गोटीराम म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, सुटका होती. "पहिली असो की शेवटची. मी उगीच बोलत नव्हतो, भाऊ."

सहादूने जयरामच्या खांद्यावर हात ठेवला. "चल," तो हळूच म्हणाला. "झालं. मी सांगतो डेकोरेटरला."

जयरामलाही क्षणभर तसंच वाटलं. यंत्राला काय त्याच्याशी वैर होतं? नाशिकरोडचा म्हातारा चुकला असेल, आपले कान चुकले असतील. "काढ बहिरू," तो म्हणाला.

बहिरूने घंटी बंद केली, जयरामची बॅटरी सोडवली, तिची जोडतार हातात घेतली आणि भिंतीकडे गेला. जयराम त्याच्या हाताकडे बघत होता. काही शोधायचं म्हणून नाही, नाक्यावर येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताकडे बघायची सवय म्हणून. भिंतीवर एका मोठ्या खिळ्याला जोडतारांचा जुडगा लटकत होता. बहिरूने हातातली तार त्या जुडग्यात टाकली नाही. तो दोन पावलं पुढे गेला आणि कोपऱ्यातल्या एका वेगळ्या खिळ्याला त्याने ती लटकवली. त्या खिळ्यावर ती एकटीच होती.

"बहिरू," जयराम म्हणाला, "ती तार तिकडे का?"

"ती तुमची हाय ना," बहिरू सहज म्हणाला.

"माझी? मी कधी तार आणली नाही."

"तुमची म्हंजी, तुमच्या बॅटरीची. पहिल्यापासून तीच लावतो." बहिरू एवढं बोलला आणि मग त्याच्याच लक्षात आलं की आपण काय बोललो. त्याने गोटीरामकडे पाहिलं.

गोटीराम चार्जर पुसत होता.

जयराम कोपऱ्यात गेला. त्याने तार खिळ्यावरून काढली. एका टोकाचा चिमटा अजून चटका बसण्याइतका गरम होता. वरची काळी पट्टी सोलली तर आतलं तांबं हिरवं पडून भुगा झालेलं, बोटाने दाबलं की तुटेल असं. दोन-तीन बारीक धागे कसेबसे शाबूत होते. सगळ्या ओळीचा करंट त्या दोन-तीन धाग्यांतून जात होता. ते तापले की करंट कमी जायचा आणि काटा खाली यायचा.

"ही किती जुनी?" सहादूने विचारलं.

"जुनी आहे," गोटीराम म्हणाला.

"बाकीच्या बदलल्या ना? त्या तर नव्या दिसतात."

"बदलल्या. मागच्या वर्षी. ही..." गोटीराम थांबला.

"हिची आठवण राहिली नाही," जयरामने वाक्य पुरं केलं. "कारण ही जुडग्यात नसते. का नसते, गोटीरामशेठ?"

गोटीरामने फडकं खाली ठेवलं. "जयरामभाऊ, मनात काही नाही माझ्या. देवाशपथ. तुमच्या वसाहतीची बॅटरी पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं, बुवांची बॅटरी देवळात जाते. तुमच्या बॅटरीला लागलेली तार तिला लावली तर बुवांना चालेल न चालेल. तंटा नको म्हणून वेगळी ठेवली. नंतर तसंच चालू राहिलं."

सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी वर्तमानपत्राची घडी केली. "मी असं म्हणालो होतो?"

"म्हणाला नव्हतात."

"मग?"

"म्हणाल असं वाटलं."

बुवांचा चेहरा लाल झाला होता. रागाने की आणखी कशाने, हे जयरामला कळलं नाही. इतक्या गाड्या तपासल्या, पण तो चेहरा त्याला वाचता आला नाही. बुवा म्हणाले नव्हते हे खरं होतं. विचारलं असतं तर काय म्हणाले असते, हे आता कधीच कळणार नव्हतं.

अंबूबाई पुढे झाली. "बहिरू, बघत काय बसलास? त्या जुडग्यातली तार घे आणि लाव. माझ्या बॅटरीला लागलेली दे. मला बघायचंय." मग जयरामकडे न बघता म्हणाली, "मी लय बोलले तुला."

"बोललात," जयराम म्हणाला.

बहिरूने जुडग्यातली तार घेतली. जयरामची बॅटरी ओळीत गेली. हिरवा दिवा लागला. सगळे उभेच राहिले. काट्याने आपली जागा सोडली नाही. बाहेर अंबूबाईच्या टेंपोमागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, तरी ती हलली नाही. बराच वेळ गेला, घंटी वाजली नाही.

"डेकोरेटरला निरोप मी देतो," सहादू म्हणाला. "येऊ नको म्हणून. गाडी तुझी." आणि गोटीरामकडे वळून, "तुम्ही पंचवटीभर सांगितलं होतं बॅटरी खराब म्हणून. आता हेही सांगा. तार कुणाची होती तेही."

"सांगतो," गोटीराम म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "सांगतो, भाऊ."

बॅटरी भरेपर्यंत जयराम दुकानातच बाकावर बसून राहिला. गोटीरामने समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. ग्लास आले. बुवांच्या हातात एक, अंबूबाईच्या हातात एक, सहादूच्या, जयरामच्या. जयरामने ग्लास उजेडात धरून तळ पाहिला. मग शेजारी सहादूचा पाहिला. मग बुवांचा. सगळे सारखेच होते, कडेला तशाच निळ्या रेघा. बुवांनी त्याला बघताना पाहिलं आणि नजर खाली वळवली. जयरामने चहा प्यायला. गोड होता.

निघताना त्याने ती गंजकी तार पिशवीत टाकली. "ही काय करणार?" गोटीरामने विचारलं. "टाकून देतो मी."

"राहू द्या माझ्याकडे. आणि पक्कड द्या जरा."

गोटीरामने पक्कड दिली. जयरामने कोपऱ्यातला खिळा धरला, दोनदा हलवला आणि उपटला. चुन्याचा थोडा भुगा खाली पडला. भिंतीत बोट जाईल एवढं भोक राहिलं.

जयंतीला कर्णे शालिमार चौकापर्यंत आणि तिथून परत वसाहतीपर्यंत वाजले. दांडीला जयरामचा हात होता. सुमनबाई मागून म्हणाली, "आवाज जरा कमी करा, माझे कान गेले," आणि त्याने तो वाढवला.

पुढेही तो बॅटरी गोटीरामकडेच टाकत राहिला. सहादूने विचारलं, दुसरं दुकान का बघत नाहीस, तर म्हणाला, तिथे काय कुठे टांगलंय ते मला माहीत नाही, इथलं माहीत आहे. दुकानात शिरला की तो आधी दिव्याकडे बघत नसे. आधी कोपऱ्यातल्या त्या भोकाकडे बघायचा. नवा खिळा नसला, की मग बॅटरी खाली ठेवायचा.